गाभण जनावर, कत्तलखाना आणि कायदा

दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात उभा असलेला अशोकाचा स्तंभ मूळचा हरियाणातल्या टोपरा गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं तो दिल्लीला आणवला. त्यावरच्या पाचव्या आज्ञेत, राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर, राजानं कोणते प्राणी मारायचे नाहीत याची यादी कोरून ठेवली आहे. पोपट, मैना, वटवाघूळ, कासव असं बरंच काही त्या यादीत येतं. मग मध्येच एक कलम वेगळं लागतं. शेळी, मेंढी आणि डुकरीण गाभण असेल किंवा पिल्लाला पाजत असेल तर तिला मारायचं नाही, आणि सहा महिन्यांच्या आतलं त्यांचं पिल्लूही मारायचं नाही. बाकीच्या यादीत प्राण्याची जात पाहिली आहे, इथे त्याची अवस्था. एरवी खाण्यासाठी मारलं जाणारं जनावर काही दिवस, काही महिने सुरीपासून दूर ठेवायचं, हा विचार आपल्या भूमीवर निदान सव्वादोन हजार वर्षं जुना आहे.

आता 2001 सालचे केंद्र सरकारचे नियम बघा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली कत्तलखान्यांसाठी ते केले गेले. त्यातला तिसरा नियम सांगतो की गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी आणि स्वतः तीन महिन्यांच्या आतलं जनावर, यांपैकी कुणाचीही कत्तल करायची नाही. कत्तलीला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला नसेल, तरीही नाही. गाभण, लेकुरवाळी आणि कोवळं पिल्लू ही त्रयी अशोकाचीच आहे, फक्त सहा महिन्यांचे तीन महिने झाले. नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर तो शिलालेख होता असं मला म्हणायचं नाही. पण दोन्हीकडे तोच विचार दिसतो, आणि तो या देशात कुणाला परका वाटत नाही. गाभण शेळी कापू नये हे धनगराला किंवा खाटकाला राजपत्र वाचून कळत नाही.

अडचण पुढची आहे. शेळी गाभण आहे हे ओळखायचं कसं, कुणी आणि कधी?

गाय साधारण 280 दिवस गाभण राहते, म्हैस 310, शेळी आणि मेंढी 150, डुकरीण 114. गायी-म्हशीत पशुवैद्यक गुदमार्गानं हात घालून आतून गर्भाशय चाचपतो. मुरलेला हात दीड महिन्याचा गाभही सांगतो, अडीच-तीन महिन्यांनंतर तर शंका उरत नाही. शेळी-मेंढीत हे शक्यच नाही, तिथे हात जायला जागा नसते. पोटावरून दाबून गर्भ हाताला लागावा तर साडेतीन-चार महिने उलटायला हवेत, म्हणजे विण्याला जेमतेम महिना-दीड महिना उरलेला. त्याआधी कळायचं तर सोनोग्राफी. लोकर वाढलेल्या, भरल्या पोटाच्या मेंढीकडे नुसतं पाहून दोन महिन्यांचा गाभ ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

याच नियमांत एक बारीकसं कलम आहे, आणि ते फार थोड्यांनी वाचलेलं असतं. पशुवैद्यकानं तासाला 12 पेक्षा जास्त आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटं मिळतात. म्हशीसाठी पाच मिनिटं पुरतात. शेळीसाठी यंत्र हाताशी असेल तर पुरतील, नसेल तर तो दाखला अंदाजाचाच. शिवाय हिशेब करून पाहा. एखाद्या शहराच्या कत्तलखान्यात दिवसाला हजार शेळ्या-मेंढ्या येत असतील, तर केवळ कापण्यापूर्वीच्या तपासणीला रोज 11 डॉक्टर लागतील. तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका रिकाम्या खुर्चीसाठी गाव वर्षानुवर्षं वाट पाहतं, अशा राज्यात हे अकरा आणायचे कुठून? त्यात नियमांतली कत्तलखान्याची व्याख्या दिवसाला दहा किंवा अधिक जनावरं कापली जाणाऱ्या परवानाधारक जागेची आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गावाबाहेर झाडाखाली दोन बकरी टांगणारा त्या चौकटीत बसतच नाही.

तरीही महाराष्ट्रात प्रश्न जितका चिघळायला हवा होता तितका चिघळलेला नाही. त्याचं श्रेय कायद्यापेक्षा बाजाराला द्यावं लागेल. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं, अशी गिऱ्हाइकाची समजूत पक्की आहे. पाट राखायची, बोकड विकायचा, हा शेळीपालनाचा साधा हिशेब. गाभण शेळीला मटणाच्या भावापेक्षा पैदाशीचा भाव जास्त मिळतो आणि पाच-सहा महिन्यांची गाभण म्हैस तर बाजारात चढ्या दरानं जाते. जाणूनबुजून ती खाटकाला देणारा शेतकरी स्वतःचंच नुकसान करून घेतो.

म्हणून कत्तलखान्यात पोचलेलं गाभण जनावर बहुतेक वेळा न कळल्यामुळे किंवा नाइलाजामुळे पोचलेलं असतं. म्हशीच्या बाबतीत न कळणं सोपं आहे. म्हशीचा माज मुका असतो. उन्हाळ्यात तर ती ना रेकते, ना नीट सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, टाकते. ती रेड्याबरोबर चरायला मोकळी असते, मालकाच्या नकळत फळते आणि दूध आटलं की तो तिला भाकड ठरवतो. कळपात नर सोडलेल्या मेंढ्यांचंही तेच. काही जनावरं लंगडी झाली, कासेच्या दाहानं सडं गेली, म्हणून काढून टाकली जातात आणि ती गाभण आहेत का हे कुणी विचारत नाही. दुष्काळाची गोष्ट आणखी वेगळी. 2012-13 मध्ये माण, खटाव, आटपाडी, बीडच्या पट्ट्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा गाभण जनावराचा चढा भाव वगैरे सगळं कोलमडलेलं होतं. दावणीला चारा नाही आणि बाजारात घेणारा नाही, अशा वेळी जो घेतो त्याला जनावर दिलं जातं. पावसाच्या वर्षात बाजार जनावराला जे संरक्षण देतो, ते नेमकं गरज असते त्या वर्षी गायब होतं.

इथे कायद्यांतली एक गुंतागुंत सांगायला हवी, कारण आपल्याकडे दोन वेगळे कायदे एकाच म्हशीकडे दोन वेगळ्या नजरांनी बघतात. महाराष्ट्राचा 1976 चा पशुसंरक्षण कायदा म्हशीच्या कत्तलीला दाखल्याची अट घालतो. म्हैस दूध देण्याच्या किंवा वासरू देण्याच्या दृष्टीनं उपयोगी असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर दाखला द्यायचा नाही. हा विचार 1958 च्या हनीफ कुरेशी खटल्यातून आलेला. गायीची कत्तल पूर्ण बंद ठेवता येईल, मात्र म्हशी आणि बैल यांना ते उपयोगी असेपर्यंतच संरक्षण देता येईल, असं सर्वोच्च न्यायालयानं तेव्हा म्हटलं होतं. पुढे 2005 मध्ये मिर्झापूर कुरेशी खटल्यात न्यायालयानं बैलांच्या बाबतीत ही भूमिका बदलली, आणि 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबर वळू आणि बैलही बंदीत आले. म्हैस मात्र उपयोगितेच्याच कसोटीवर राहिली. या कायद्यासाठी गाभण म्हैस म्हणजे शेतीची मालमत्ता. 2001 च्या नियमांसाठी तीच म्हैस क्रूरतेपासून वाचवायचा जीव. निष्कर्ष एकच निघतो, कारणं वेगळी. हा फरक कागदी वाटेल, पण भाकड होऊन पुन्हा गाभण राहिलेल्या, दुभत्या आयुष्याच्या शेवटी आलेल्या म्हशीबद्दल वाद निघाला की तो जाणवतो. उपयोगितेच्या मोजपट्टीवर ती काठावर असते, क्रूरतेच्या मोजपट्टीवर प्रश्नच उरत नाही.

क्रूरता म्हणतो ती नेमकी कुणाशी? आईला कापताना जे होतं ते गाभण असली-नसली तरी तेच. प्रवासाचा ताण गाभण जनावराला जास्त, हे खरं. पण मुख्य प्रश्न पोटातल्या जिवाचा आहे, आणि त्याबद्दल विज्ञानानं गेल्या काही दशकांत बरंच शोधलं आहे.

डोक्यात खिळा मारून किंवा वायू देऊन आईला बेशुद्ध केलं तरी गर्भ बेशुद्ध होत नाही. तो मरतो आईच्या रक्ताबरोबर प्राणवायू तुटल्यामुळे, आणि तेही लगेच नाही. हृदय बराच वेळ धडधडत राहतं, गर्भ हलतोही. पाहणाऱ्याला ते तडफडणं वाटतं. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले डेव्हिड मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भातल्या कोकरांच्या मेंदूचे आलेख तपासून वेगळं मत मांडलं. शेवटच्या टप्प्यातल्या गर्भात वेदनेसाठी लागणारी मज्जासंस्था तयार असते, पण गर्भाशयात तो जागा नसतो. वारेतून येणारी आणि गर्भाच्या शरीरात तयार होणारी द्रव्यं, अ‍ॅडेनोसिन, प्रोजेस्टेरॉनपासून बनणारी काही संप्रेरकं, शिवाय ऊब आणि पाण्यावर तरंगणं, हे सगळं मिळून मेंदूला सतत निजवत ठेवतं. प्राणवायू कमी झाला की ही झोप हलकी न होता उलट गडद होते.

ती मोडते पहिल्या श्वासानं. फुप्फुसात हवा शिरली, रक्तात प्राणवायू वाढला, वारेकडून येणारा दाब संपला, की काही वेळात ते पिल्लू जागं होऊ शकतं. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू ही जन्मल्यावर तासाभरात उभी राहणाऱ्यांची जात. त्यांचा मेंदू जन्मतःच बराच तयार असतो. म्हणजे कत्तलखान्यात धोक्याची घडी आई मरते ती नव्हे. पोट फाडून, पिशवी कापून जिवंत गर्भ बाहेर काढला आणि त्यानं हवा घेतली, ती.

पॅरिसच्या जागतिक पशु आरोग्य संघटनेचे अनेक वर्षं चाललेले निकष या ज्ञानावरच उभे होते. आईचा गळा कापल्यापासून निदान पाच मिनिटं गर्भ बाहेर काढायचा नाही. गर्भाचं काहीच वापरायचं नसेल तर पिशवी उघडायचीच नाही, आतच त्याला मरू द्यायचं. वापरायचं असेल तर शक्यतो 15 ते 20 मिनिटं थांबायचं. चुकून जिवंत, पूर्ण वाढलेला गर्भ बाहेर आला, तर त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. आणि एक सूचना भल्याभल्यांना खटकायची: असं पिल्लू वाचवायचा प्रयत्न करू नये. दयाळू माणसाचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. पण अर्धवट गुदमरलेलं, चीक न मिळालेलं, आई नसलेलं ते वासरू जगलं तरी हालांतच जगतं, म्हणून ही सूचना.

गर्भ बाहेर काढायची घाई का होते, यामागे एक व्यापार आहे. प्रयोगशाळेत पेशी वाढवायला गायीच्या गर्भाच्या रक्तातला द्रव, फीटल बोव्हाइन सीरम, वापरला जातो. 1950 च्या दशकाच्या शेवटी त्याचा वापर सुरू झाला आणि आज जगभरच्या जैवसंशोधनात तो नेहमीचा आहे. हे रक्त गर्भाच्या हृदयात सुई घालून काढतात, आणि गोठण्याच्या आत काढावं लागतं. थांबा म्हणणारा निकष आणि लवकर काढा म्हणणारी गरज यांची इथे थेट टक्कर होते. 2021 मध्ये कोव्हॅक्सिनबद्दल समाजमाध्यमांवर गदारोळ झाला, तेव्हा केंद्र सरकारनं सांगितलं होतं की नवजात वासराच्या रक्तातला द्रव फक्त पेशी वाढवायला वापरला, तयार लशीत तो नाही. तो द्रव वेगळा होता, गर्भाचा नव्हे. पण त्या गोंधळात हा प्रश्न प्रथमच चारचौघांच्या गप्पांत आला.

युरोपनं गाभण जनावरांच्या कत्तलीच्या प्रश्नाकडे वळायला वेळ लावला, पण वळल्यावर खोलात शिरलं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2017 मध्ये तज्ज्ञांच्या अंदाजावरून आकडे काढले. गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात कापल्या जाणाऱ्या जनावरांचं प्रमाण दुभत्या गायींत सुमारे 3 टक्के, मांसाच्या गायींत 1.5, मेंढ्यांत 0.8, डुकरांत 0.5, शेळ्यांत 0.2. गर्भाला यातनांची जाणीव होत नसावी याची शक्यता त्यांनी 66 ते 99 टक्के धरली, होत असावी याची 1 ते 33. शास्त्रज्ञ अशा वेळी जितकं स्पष्ट बोलू शकतात तितकं हे स्पष्ट आहे. तेहतीस टक्क्यांपर्यंतच्या शंकेवर कायदा करायचा की नाही हे मग समाजानं ठरवायचं.

जर्मनीनं त्याच वर्षी ठरवलं. तिथल्या कायद्यानुसार गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागातलं जनावर कत्तलीसाठी देता येत नाही. रोगाच्या साथीमुळे मारणं भाग असेल किंवा पशुवैद्यकाच्या मते मारणंच योग्य असेल, तर अपवाद. या कायद्यातला शब्द आपण उचलण्यासारखा आहे: बंदी देण्यावर आहे. म्हणजे जबाबदारी कत्तलखान्याच्या दारातल्या डॉक्टरवर येऊन पडत नाही, ती गोठ्यात सुरू होते. ज्यानं गाय फळवली किंवा फळू दिली, त्यानं विकण्याआधी पाहायचं.

या कायद्यानं शेळ्या-मेंढ्यांना मात्र वगळलं. कुरणात मोकळ्या सोडलेल्या कळपात कोण गाभण आणि किती दिवसांची हे कळणं व्यवहार्य नाही, हे कारण. अशोकानं ज्या शेळी-मेंढीचं नाव आधी घेतलं, तिलाच आधुनिक कायदा बाहेर ठेवतो. मला यात ढोंग दिसत नाही, उलट प्रामाणिकपणा दिसतो. जे तपासता येणार नाही ते लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आपण उलटं केलं. सगळी जनावरं, गर्भारपणाचा कुठलाही दिवस, सरसकट बंदी. कागदावर जगातल्या सर्वांत कडक नियमांपैकी एक.

युरोपचा वाहतुकीचा 2005 चा नियम आणखी सोपी रेघ ओढतो. गर्भारपणाचे 90 टक्के दिवस उलटले असतील किंवा गेल्या आठवड्यात मादी व्यायली असेल, तर ती प्रवासाला अयोग्य. गायीत ही रेघ शेवटच्या चार आठवड्यांवर येते, शेळीत शेवटच्या पंधरा दिवसांवर, आणि तेव्हा पोट, कास, चाल सगळं बोलत असतं. आपल्या वाहतूक नियमांतही प्रवासात विण्याची शक्यता असलेलं किंवा गेल्या 72 तासांत व्यायलेलं जनावर न्यायचं नाही असं आहे, आणि गाभण जनावरं इतरांत मिसळायची नाहीत असंही. गाड्या कशा भरल्या जातात हे ज्यानं महामार्गावर पाहिलं आहे, त्याला मिसळायची नाहीत हे वाचून हसू येईल.

या सगळ्यात कापणाऱ्या माणसाचा विचार कुणी करत नाही. ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांतला सांसर्गिक गर्भपात, माणसालाही होतो. त्याचे जिवाणू गाभण गर्भाशयात, वारेत आणि गर्भजलात प्रचंड संख्येनं असतात. हातमोज्यांशिवाय ती पिशवी फाडणारा खाटीक किंवा सफाई कामगार महिनोन्‌महिने येत-जात राहणारा ताप आणि सांधेदुखी घरी घेऊन जातो, आणि पुष्कळदा त्याचं निदानच होत नाही. गाभण जनावर कत्तलखान्यात येऊ न देणं हा त्याच्याही संरक्षणाचा भाग आहे. जनावरांच्या कल्याणाच्या चर्चेत हा मुद्दा यायला हवा, कारण मग तिला विरोध करणारा वर्ग बराच कमी होईल.

मग करायचं काय? नवा कायदा नको. आहे तोच गोठ्याकडे सरकवायला हवा, आणि त्यासाठी साधन आधीच तयार आहे. गायी-म्हशींच्या कानात आता बारा आकडी पिवळा बिल्ला असतो. कृत्रिम रेतन कधी झालं, गाभ तपासणी कधी झाली, याची नोंद त्या क्रमांकावर ठेवता येते. बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करू नये, असा आदेश महाराष्ट्रात 2024 मध्ये निघाला. तोच क्रमांक कत्तलीचा दाखला देणाऱ्या पशुवैद्यकानं आधी उघडून पाहिला, तर रेतन झालेली म्हैस पाच मिनिटांच्या चाचपणीआधीच बाजूला निघेल. रेड्यानं फळवलेली तिथे दिसणार नाही, तिच्यासाठी हातच लागेल. शेळ्या-मेंढ्यांसाठी मोठ्या शहरांच्या कत्तलखान्यांत एक-एक सोनोग्राफी यंत्र आणि ते चालवणारा माणूस, एवढा खर्च महापालिकांना जड नाही.

दंडाकडे मात्र बघायला हवं. 2001 च्या नियमांचा भंग झाला तर शिक्षा 1960 च्या मूळ कायद्याच्या कलम 38 प्रमाणे होते. ती म्हणजे 100 रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शंभर रुपयांत आज पाव किलो मटणही येत नाही.

आणि शेतकऱ्याला एक सांगणं. भाकड म्हणून म्हैस दावणीवरून सोडण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन गाभ तपासून घ्या, किंवा डॉक्टरांना गोठ्यावर बोलवा. तपासणीचं शुल्क किरकोळ आहे, आणि ती गाभण निघाली तर खाटकाच्या भावात आणि बाजाराच्या भावात जो फरक पडतो तो तुमच्याच खिशात येतो.